देवमनच्या मांडवाची कल्हई

भट्टीची माती सुकेपर्यंत हात रिकामे ठेवायचे नाहीत, असा तय्यब कल्हईवाल्याचा शिरस्ता होता. किन्हीराजाच्या बौद्धपुऱ्यात देवमनच्या घरासमोर मोठा निंब होता. त्याच्या सावलीत तय्यबनं वीतभर खड्डा खणला, त्यात भात्याची नळी बसवली, वरून ओली माती थापली आणि ती सुकते तोवर गोणपाटावर नवसागर कुटायला बसला. त्याची बायको सुगराबी चुलीसाठी दगड शोधत होती. सून सरवरी विहिरीवरून पाणी आणून रेती भिजवत होती.

वैशाख भाजून काढत होता. विहिरीत पाणी तळाशी गेलं होतं. बादली वर यायला वेळ लागे आणि निम्मी गाळानं भरलेली असे. तरी दुष्काळ सरला होता, मागच्या साली ज्वारी बरी झाली होती, आणि त्यामुळं यंदा लग्नं होती. देवमनची मुलगी बेबीताई हिचं लग्न पौर्णिमेला धरलं होतं. वऱ्हाड आसेगावहून यायचं होतं.

तय्यबचा मुलगा शफीक यंदा सोबत नव्हता. स्टीलची भांडी घराघरांत शिरू लागली होती. कल्हईवर दोन गड्यांचं पोट भरेना, तेव्हा तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. त्याच्या जागी सरवरी आली. तिचे वडील मंगरूळपीरचे, तेही कल्हईवालेच. भाता कसा ओढायचा हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शिरपूरच्या सासरी येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यासमोर ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायची आणि कामापुरतंही बोलायची नाही.

"तय्यबचाचा, कोळसा पुरन का?" देवमननं ओट्यावरून विचारलं.

तय्यब नवसागर कुटत राहिला.

"कोळसा पुरन का म्हून इचारून राह्यले देवमनभाऊ," सुगराबी दगड टाकून मोठ्यानं म्हणाली.

"पुरन, पुरन. कमी पडला तं निंबाच्या वाळल्या फांद्या हायेत," तय्यब म्हणाला.

सरवरीला वाटलं, सासूला दुसऱ्याच्या बोलण्यात बोलायची हौस आहे.

पुऱ्याचे दोन मोठे गंज देवमनच्या घरात पालथे घातलेले असत. तांब्याचे, रुंद पोटाचे, एकेका गंजात दोन माणसं बसतील एवढे. देवमनची आई भागिरथाबाई पोरांना त्यांच्यावर बसू देत नसे. पूर्वी पुऱ्यात लग्न निघालं की गावजेवणाची भांडी मागायला माणूस जायचा, आणि नेमकी त्याच दिवशी कोठीची किल्ली सापडायची नाही. मग घराघरांतून गाडगी-मडकी गोळा करून वरण शिजायचं. भागिरथाबाईनं एका कापसाच्या हंगामात घरोघर फिरून वेचणीच्या मजुरीतून वर्गणी जमवली आणि अकोल्याहून हे गंज आणवले. दुष्काळात लोकांनी घरच्या परातीसुद्धा विकल्या, पण गंजांचं नाव कुणी काढलं नाही.

"लेकीच्या लेकीचं लगन हाय," ती तय्यबला म्हणाली, मग जीभ चावली. "माह्या नातीचं म्हनतो मी. हरिक झाला की कायच्या काय निंगते तोंडातून. पन चकचकीत करजो बाप्पा. तोंड दिसलं पायजे आतमंदी."

पहिल्या दिवशी बायांनी घरची भांडी आणली. पितळेचे डबे, तांबे, बुडाला हिरवट पडलेली पातेली. तय्यब एकेक भांडं निखाऱ्यावर फिरवी. तांबूस-पिवळं बूड तापून रंग बदलू लागलं की चिमूटभर नवसागर आत टाकी. पांढरा धूर भसकन वर येई, नाकातोंडात खारट तिखट चव शिरे, आणि त्या धुरातच तो कथलाची कांडी बुडाला टेकवी. कांडीचं टोक वितळून पाऱ्यासारखं पळू लागलं की कापसाच्या बोळ्यानं गोल, गोल. काळपट भांडं बघता बघता चांदीचं होई. लगेच पाण्यात. चर्र.

घासायचं काम सरवरीचं होतं. लहान भांडी ती हातानं घासे. गंजात मात्र उभं राहावं लागे. आत ओली रेती आणि चिंधड्या टाकून ती अनवाणी उतरली, निंबाच्या फांदीला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरला, आणि कंबरेतून उजवीकडे-डावीकडे वळत राहिली. रेती तळव्यांना खात होती. उन्हाच्या झळा तांब्यावरून अंगावर येत होत्या. पाठीवरून घाम वाहून लुगड्याचा काठ जड झाला. ती थांबली की सुगराबी पाण्याचा गडवा पुढं करी.

"पाय पाह्य बरं तुहे."

"काई नाई झालं, अम्मा."

"काई नाई कसं? माहे पाय गेले तसेच. म्हून तं तू आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी कांडी संपत आली. तय्यबनं तिचं बोटभर थोटूक बाजूला ठेवलं आणि पिशवीतून नवी कांडी काढली. ती त्यानं वाशीमच्या बाजारातून स्वतः निवडून आणली होती. कांडी त्यानं कानाजवळ नेली, दोन्ही हातांनी जराशी वाकवली, मान हलवली आणि कामाला लागला. सरवरी भात्यावर होती. चोख कथील वाकताना किरकिरतं, पण तिला त्या वाकवण्यातून काहीच ऐकू आलं नाही. भात्याचा आवाज होता, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही.

पण भाता ओढता ओढता तिचं लक्ष कांडीकडे जाऊ लागलं. गंज अजून पुरता तापला नव्हता, नवसागराचा धूर नीट निघाला नव्हता, तरी कांडीचं टोक ढासळलं. पळायच्या ऐवजी जागच्या जागी पसरलं. तय्यब बोळा फिरवी आणि बोळा काळा पडे. त्यानं तो फेकून दुसरा घेतला, तोही काळा. गंजाच्या काठाशी जमलेला थेंब तिच्या वडिलांच्या हातचा असता तर भट्टीवरून उतरताच कडक झाला असता. हा मात्र ओल्या खव्यासारखा लुसलुसत राहिला, आणि बऱ्याच वेळानं घट्ट झाला.

दुपारपर्यंत दोन्ही गंज आणि बायांची राहिलेली भांडी झाली. भागिरथाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि तिनं आत पाहिलं.

"दिसली माय मी," ती म्हणाली. "बुढी दिसली, पन दिसली."

ओट्यावरची माणसं हसली. बेबीताईनंही येऊन आत डोकावलं आणि पदराआड हसून पळाली. तय्यब विडी पेटवून निंबाला टेकला. त्याला बरं वाटत होतं. सरवरीनं मात्र त्या चमकीत निळसर छटा पाहिली.

ऊन कलल्यावर तय्यब आडवा झाला. सरवरीनं पिशवीतून नवी कांडी घेतली आणि घरामागं जाऊन वाकवली. कांडी गुपचूप वाकली. मग जुनं थोटूक वाकवलं. कोवळी काकडी दातांखाली मोडावी तसा किर्र आवाज झाला. तिनं पुन्हा नवी वाकवली. काही नाही. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर तिनं दोन्ही कांड्या ओढून पाहिल्या. जुनीची रेघ उमटली नाही. नवीची उमटली, शिसपेन्सिलीसारखी करडी.

सुगराबी भाकरी थापत होती. सरवरी तिच्याजवळ बसली आणि काटवटीतल्या पिठाकडे बघत बोलली.

"अम्मा, नव्या कथलात शिसं हाय."

सुगराबीचे हात थांबले नाहीत. "कोन म्हनते?"

"वाकवलं तं बोलत नाई ते. लवकर वितळते, उशिरा गोठते. अब्बानं कानापाशी नेलं होतं, मंग त्यायले कसं नाई..."

"त्यायले ऐकू येत नाई," सुगराबी म्हणाली.

तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती चिमट्यानं उलटली.

"मागच्या दुष्काळापासून कमी होत गेलं. भट्टीवरच्या मान्साचा कान गेला म्हनू देत नाई ते. लोक म्हनतीन, बुढ्याले आता काई समजत नाई. म्हून मी सोबत येतो. कोनी बोललं की मी पुन्यांदा बोलतो. शफीकले बी ठाऊक नाई."

सरवरीला सासूचं मधे मधे बोलणं आठवलं.

"घरी सांगू त्यायले," सुगराबी म्हणाली. "हे लगन होऊ दे. एका जेवनानं कोनी मरत नाई बाई. सारेच बेपारी मिसळतेत आजकाल."

"त्यात कढी शिजन, अम्मा. ताकाची. आंबट पडलं की शिसं सुटते. आन् लगन झालं तरी गंज राहीन ना पुऱ्यात. पुढच्या लगनाले बी त्यातच शिजन. माहे अब्बा म्हनत, लेकराच्या पोटात गेलं तं लेकरू वाढत नाई."

सुगराबीनं पुढची भाकरी थापायला घेतली, अर्धी थापली आणि पुन्हा तिचा गोळा केला.

"उद्या सकायी सांगू," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी नको. चहा झाल्यावर."

सकाळी चहा झाला. सुगराबी नवऱ्यासमोर बसली, त्याच्या उजव्या कानाकडे तोंड नेऊन तिनं सांगितलं. तय्यब आधी हसला. मग त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"माहं कथील खोटं? या हातानं निवडलं मी. वाजवून."

त्यानं नवी कांडी घेतली, कानाजवळ वाकवली. "बोलते ना हे." थोटूक घेतलं, वाकवलं. "हे बी बोलते. दोन्ही सारखेच."

सुगराबीनं खाली पाहिलं. त्या दोघांमध्ये जे झाकलेलं होतं ते सुनेसमोर उघडं पडलं होतं आणि तय्यबला अजून ते कळलं नव्हतं. सरवरी उठली. तिनं पदर मागं सारला, सासऱ्याच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि मोठ्यानं, अगदी शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "अब्बा, दातात धरा. दातात धरून वाकवा."

एवढ्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. तय्यब तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं जुनं थोटूक दाढेखाली धरलं आणि बोटानं दाबलं. त्याच्या जबड्याच्या हाडात ती किरकिर उतरली. ओळखीची, बारीक, बापाच्या हाताखाली शिकताना ऐकलेली. त्यानं डोळे मिटले. पुन्हा दाबलं. मग नवी कांडी धरली. ती चिखलासारखी वाकली.

त्यानं पुन्हा एकदा करून पाहिलं. नंतर भट्टी पेटवली. लोखंडी पळीत थोटकाचा तुकडा टाकला. तो तापत राहिला, तापत राहिला आणि एकदम पाणी झाला. पळी बाजूला घेताच त्याच्यावर साय धरली आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळा घट्ट झाला. वरती बारीक काड्यांची नक्षी उमटली. मग नवीचा तुकडा. तो लवकर ढासळला. उतरवल्यावर पळीत लापशीसारखा गिळगिळीत राहिला. तय्यबनं काडीनं ढवळून पाहिलं. काडी फिरत होती. बऱ्याच वेळानं ती अडकली.

"हे डोयाले दिसते," तो म्हणाला. "काल काहून नाई पाह्यलं मी?"

 

त्यानं डोक्याला फडकं बांधलं, पायात वहाणा घातल्या आणि देवमनच्या ओट्याकडे गेला. सुगराबी मागोमाग गेली. ओट्यावर देवमन आणि लग्नाचा आचारी ग्यानबा वाटाण्या-तांदळाचा हिशेब लावत बसले होते. भागिरथाबाई खाटेवर होती.

"देवमनभाऊ," तय्यब उभ्यानंच म्हणाला, "मी फसलो. कथलात शिसं निंगालं. कल्हई सारी काढा लागन."

देवमनचं तोंड उतरलं. "आता? परवा वऱ्हाड येऊन राह्यलं, चाचा."

"गंज तं चमकून राह्यले," ग्यानबा म्हणाला. "कोनाले काय समजते त्यातलं? राहू द्या." मग तो देवमनकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बुढ्याचा हात गेला. म्हनलं होतं मी, मालेगावचा मानूस आना म्हून."

तय्यबनं सुगराबीकडे पाहिलं. "काय म्हनते?"

"राहू द्या म्हनते," सुगराबी म्हणाली. पुढचं तिनं स्वतःपाशी ठेवलं.

"राहू कसं देता येईन? यात आंबट शिजवू नोका. मी शिजवू देनार नाई." तय्यबचा आवाज वाढला होता. आपण किती मोठ्यानं बोलतो याचा त्याला अंदाज राहिला नव्हता. आजूबाजूच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "काल ज्यायचे भांडे नव्या कांडीनं झाले, त्यायनं बी आनून द्या. पुन्यांदा करून देतो."

"मी तं रात्री चिंचेचं वरन शिजोलं त्यात," कमलीबाई दारातून म्हणाली. "आमी साऱ्यायनं खाल्लं."

सुगराबीनं ते तय्यबच्या कानात सांगितलं. तो तिच्या दारापर्यंत चालत गेला. "एका वक्तानं काई होत नाई, माय. पन आता त्यात नोको शिजवू. मीच घेऊन जातो भांडं." कमलीबाईनं पातेलं आणून त्याच्या हातात दिलं, पण दारातून हलली नाही, आपल्या लेकराकडे बघत उभी राहिली. तय्यब मान खाली घालून परत आला.

भागिरथाबाई खाटेवरून पुढं वाकली.

"निंगते का ते, लावलेलं?" तिनं विचारलं.

"निंगते. भट्टीवर ठेवलं की पातळ होते, पुसून घेता येते. मंग रेतीनं, तेजाबानं घासून तांबं उघडं करा लागते. पन चांगलं कथील नाई माह्यापाशी."

"थे कुठी भेटन?"

तय्यब घुटमळला. मंगरूळपीरला, आपल्या व्याह्याकडे, हे त्याला ठाऊक होतं. पोराच्या लग्नात त्याच व्याह्यापुढं तो बसून बोलला होता की कथील आणि माणूस आपण आवाजावरून ओळखतो.

"मंगरूळले," त्यानं सांगितलं.

"मंग जाय," भागिरथाबाई म्हणाली. "देवमन, तू उगा नोको बसू तोंड पाडून. लोकाइले आपुन बलावलं. आपल्या गंजातलं जेवतीन ते. नासलं तं गंजाचं नाव जाईन. तू काहाड बाप्पा ते सारं, आमी घासतो."

तय्यब आणि सरवरी दुपारच्या एसटीनं निघाले. सरवरीनंच म्हटलं, मी येतो. सुगराबीनं नुसती मान हलवली. शेलूबाजारला गाडी बदलली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. सरवरीच्या चपलेला ते चिकटून येत होतं.

मंगरूळपीरला तिचे वडील दारातच भाता शिवत बसले होते. लेकीला पाहून ते उठले, पाणी दिलं, आणि मग व्याह्याची हकीकत ऐकून घेतली. नवी कांडी त्यांनी हातात घेतली. वाकवली नाही. नुसती नखानं ओरखडली.

"वाजवून नाई पाह्यली का, भाई?" त्यांनी विचारलं.

तय्यबला ओठांवरून प्रश्न कळला. त्याचा चेहरा काळवंडला. सरवरी जमिनीकडे बघत होती. आता सासरे काय सांगतील, आपण काय सांगायचं, तिला सुचेना.

"पाह्यली होती," तय्यब म्हणाला.

व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि अधिक विचारलं नाही. आत जाऊन पेटीतून ते दोन जाड कांड्या घेऊन आले. "ह्या घ्या. ही तुमची माह्यापाशी ठेवा. वाईट नाई ही. लवकर वितळते, हळू गोठते, डाग द्याले, सांधा जोडाले अशीच पायजे. कंदिलाच्या टाक्या, घासलेटचे डबे, यायले लागते झाळ. फक्त ज्यात जेवाचं त्यात नाई चालत."

तय्यबनं दोन्ही हातांनी कांड्या घेतल्या. चहा न घेता जाऊ देणार नाही म्हणून व्याही अडून बसले, म्हणून चहा झाला. एसटीत बसल्यावर तय्यबनं पिशवीतून एक कांडी काढली आणि सुनेपुढं धरली.

"वाकव," तो म्हणाला.

सरवरीनं वाकवली. तिनं मान हलवली. त्यानं दुसरी दिली. तिनं तीही वाकवली, मान हलवली. मग तो खिडकीला डोकं टेकून निजला. शेलूबाजार येईपर्यंत त्याला जाग आली नाही. सरवरीनंच त्याच्या खांद्याला हात लावून उठवलं.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली उजाडल्यापासून भाता सुरू झाला. पहिला गंज तापला. परवाची चांदी हळूहळू सुटली, ढिली झाली, गंजाच्या पोटातून ओघळून बुडाशी जमली. तय्यब ती फडक्यानं पुसून घेत होता. फडकी काळी पडत होती आणि त्यातून करड्या मण्यांसारखे थेंब मातीत गळत होते. सुगराबीनं ते थेंब वेचून एका डबीत भरले. लेकराच्या हाती लागू नयेत म्हणून.

मग घासणं. सरवरीचे तळवे आधीचेच सोललेले होते. ती गंजात उतरायला लागली तशी कमलीबाई पुढं आली.

"थांब वं. एक मी घासतो. पायच तं लागते ना?"

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि दुसऱ्या गंजात उतरली. धरायला दोर एकच होता, म्हणून एका बाईनं तिचे हात धरले. पहिल्यांदा ती घसरली आणि गंजातच बसली. बाया हसल्या, तीही हसली. नंतर तिला कंबरेचा हिसका जमला. बेबीताईला हळद लावायची म्हणून आत बसवलं होतं, तीही खिडकीतून बघत होती. भागिरथाबाईनं सरवरीला बाहेर बोलावलं, खाटेवर बसवलं, आणि तिच्या तळव्यांना स्वतःच्या हातानं एरंडीचं तेल चोळलं.

"असे पाय माहे खडी फोडताना झाले होते," ती म्हणाली. "दुस्काळात. बरे होतेत."

सरवरीनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. म्हातारीनं घोटा सोडला नाही.

तांबं उघडं पडलं, लालभडक, नुकत्याच सोललेल्या डाळिंबासारखं. गंज पुन्हा भट्टीवर चढला. तय्यब या वेळी घाई करत नव्हता. तो वाकून तांब्याकडे बघत होता. कानाचं काम त्यानं डोळ्यांवर सोपवलं होतं. रंग हवा तसा वळला तेव्हा नवसागर टाकला. पांढरा धूर निंबाच्या फांद्यांपर्यंत गेला, बाया खोकत मागं सरल्या. कांडी टेकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग टोकाशी एक थेंब चमकला आणि सगळ्या बुडावरून सरसर पळाला. बोळा फिरला. बोळा पांढरा राहिला.

"बस कर," तय्यब सरवरीला म्हणाला. तिनं भाता सोडला. गंज उतरताच काठावरचा थेंब तिथल्या तिथं थिजला. तिनं नखानं दाबून पाहिला. नख उठलं नाही.

दिवस बुडायच्या आत दोन्ही गंज आणि घरोघरची भांडी झाली. भागिरथाबाईनं पुन्हा आत वाकून तोंड पाहिलं. मग ती हातानं आतून गंज पुसत राहिली.

पौर्णिमेला वऱ्हाड बैलगाड्यांनी आलं. पांढऱ्या लुगड्यात बेबीताई मांडवात उभी राहिली, पंचशील झालं, माळा पडल्या, फुलं उधळली गेली. ग्यानबानं पहाटेपासून चुलाण पेटवलं होतं. एका गंजात वरण, एकात ताकाची कढी. कढीला उकळी आली तेव्हा त्यानं पळीभर काढून फुंकर मारून चाखली, पुन्हा एकदा चाखली, आणि निंबाखाली भट्टीचा खड्डा बुजवत असलेल्या तय्यबपाशी येऊन उभा राहिला.

"चाचा, कढी चांगली झाली," तो म्हणाला.

तय्यबनं वर पाहिलं. सुगराबी जवळ नव्हती. ती पत्रावळी मांडायला गेली होती. ग्यानबाच्या तोंडाकडे बघून तय्यबला काय ते समजलं असावं, कारण तो हसला आणि पुन्हा माती ओढू लागला.

पहिली पंगत वऱ्हाडाची झाली. दुसऱ्या पंगतीत देवमननं कल्हईवाल्यांना आसेगावच्या पाहुण्यांशेजारी बसवलं. तय्यब मांडी घालून बसला, त्याच्या उजव्या हाताला सुगराबी, तिच्यापलीकडे सरवरी. भात वाढून झाला. देवमन स्वतः कढीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. तय्यबपुढं येऊन तो वाकला आणि काहीतरी म्हणाला. मांडवात गलका होता, पलीकडे पोरं ताशावर काड्या मारत होती.

सुगराबीनं सवयीनं घास खाली ठेवला आणि नवऱ्याच्या कानाकडे वळू लागली.

"जोरानं बोल, देवमनभाऊ," तय्यब म्हणाला. "मले कमी ऐकू येते."

त्याचा आवाज मोठाच होता. पंगतीतल्या दहा-पाच जणांनी माना वळवल्या. आसेगावचा एक म्हातारा पाहुणा म्हणाला, "माह्यंबी तसंच हाय, भाऊ," आणि पुन्हा भात कालवू लागला.

"कढी वाढू का, म्हनलं," देवमन ओरडून म्हणाला.

"वाढ. भातावर वाढ."

सरवरी पदराआडून सासूकडे बघत होती. सुगराबी थोडा वेळ तशीच अर्धवट वळलेली बसली, हात पत्रावळीवर टेकलेला. मग ती सरळ झाली. देवमन पुढं सरकत होता, त्याला तिनं हात करून थांबवलं, आपल्या भातात कढीसाठी आळं केलं, आणि कुणाचंच बोलणं न ऐकता सावकाश जेवू लागली.